मागचा आंबा: पाडायचा की वाचवायचा?

सेक्रेटरी (ए-२०३): सर्व सभासदांना नमस्कार. काल संध्याकाळी वळवाच्या पावसात मागच्या आंब्याची मोठी फांदी बी विंगच्या पार्किंगमध्ये मोडून पडली. कुणाला लागलं नाही, एका स्कूटरचा आरसा गेला. झाडाचं काय करायचं, मते कळवावीत. कृपया गुड मॉर्निंगचे फोटो टाकू नयेत.

बी-१०४: आरसा माझा. झाड पाडा. नाहीतरी शेंड्याकडून वाळतच चाललंय.

मीनल (ए-३०२): पाडा म्हटलं आणि पाडलं असं होत नाही. महाराष्ट्रात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. झाड आपल्या आवारातलं असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा त्यात तोडण्यातच धरलंय. त्यामुळे रात्री बुंध्यात ॲसिड वगैरे ओतायचं कुणाच्या डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका.

बी-१०४: माझ्या डोक्यात फक्त आरसा आहे.

सुनीताकाकू (बी-२०१): पडलेल्या फांदीवरच्या कैऱ्या कुणी नेल्या? लोणच्यापुरत्या तरी ठेवायच्या होत्या.

नाना (बी विंग, तळमजला): मी सकाळी जाऊन पाहून आलो. मोडलेली फांदी आतून पोखरलेली आहे. बुंध्यालाही गुडघ्याच्या उंचीवर दोन भोकं आहेत आणि खाली लाकडाचा भुसा पडलाय. हे भिरूड. आमच्याकडे कोकणात याने जुन्या बागा संपवल्यात. लांब मिशांचा भुंगेरा असतो, तो दुखावलेल्या सालीत अंडी घालतो. अळी आत शिरून खोड पोखरत जाते. वारा निमित्त झाला एवढंच. पण झाड मेलेलं नाही. डहाळीची साल नखाने खरवडली, आत हिरवी आहे.

सेक्रेटरी: नाना, मग औषध काय? पेस्ट कंट्रोलवाल्याला सांगू का?

नाना: झुरळांचं काम करणारा माणूस नको. सायकलच्या तारेचा आकडा करून भोकात घालायचा, अळी ओढून काढायची. मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारायचा आणि ओल्या मातीने भोक लिंपून टाकायचं. आठ-दहा दिवसांनी परत बघायचं. ताजा भुसा दिसला तर अळी अजून आत आहे. बोळा लावताना आसपास कुणी विडी-सिगारेट ओढू नका, हे वॉचमनलाही सांगा.

ए-४०४: यूट्यूबवर बघितलं, पोकळीत सिमेंट भरतात. उरलेलं पोतं गच्चीवर आहे.

रोहन (बी-३०३): नको! सिमेंट हलत नाही, झाड वाऱ्यात हलतं. मध्ये फट पडते, पाणी साचतं आणि आतलं लाकूड आणखी कुजतं. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. कुजलेल्या भागाभोवती झाड आतून भिंत घालून घेतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत जातं. ॲलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. जखमेवर रंग फासून कूज थांबत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

नाना: अरे रोहन, रंगाचं मान्य. पण पावसाळा तोंडावर आहे आणि साल उघडी पडलीय. बोर्डो पेस्ट लावायचीच. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत कालवून मग एकत्र करायचं, लोखंडी घमेल्यात अजिबात नाही. लोखंडी खिळा त्यात बुडवून बघायचा, तांबूस थर चढला तर चुना वाढवायचा. याने जखम भरत नाही, बुरशीला आळा बसतो. मला तेवढंच हवंय.

रोहन: बरं नाना, बुरशीसाठी चालेल 🙏 पण मोडलेल्या फांदीचा जो खुंट लोंबतोय तो आधी नीट कापायला हवा. खालून थोडा काप, मग वरून, म्हणजे साल सोलून खाली येत नाही. शेवटचा काप खोडाजवळ फांदीची जी फुगीर कड असते तिच्या बाहेरून. खोडाला सपाट लागून नाही आणि हातभर खुंट ठेवूनही नाही.

मीनल: त्या छाटणीचा अर्ज मी आजच महापालिकेच्या उद्यान विभागाकडे टाकते. फोटो पाठवा.

नाना: रोहन, खुंट बघतोस तर वर बांडगूळही बघ. रस्त्याकडच्या फांदीवर आहे. नुसतं ओरबाडलं तर परत फुटतं, फांदीसकट खालून कापावं लागेल. मीनल, अर्जात तेही घाल.

बी-१०४: सोसायटीतली पण घालता येतील का अर्जात?

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला.

नाना: विषयाला धरूनच सांगतो आणि आता राग येईल काहींना. भिरूड निरोगी झाडावर सहसा जात नाही, आधीच थकलेल्या झाडावर जातो. झाड शेंड्याकडून वाळायला लागलं कधी? पेव्हर बसवल्यावर. खाली पीसीसी, म्हणजे काँक्रीटचा थर आहे. आंब्याची अन्न-पाणी ओढणारी मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात. त्यांच्यावर आपण झाकण घातलं. त्यात भराव टाकून बुंधा एवढा पुरलाय, की झाड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत गेलेलं दिसतं. बुंधा तळाशी पसरट दिसायला हवा. वरून कितीही पेस्ट फासा, हे काढलं नाही तर उपयोग शून्य.

सेक्रेटरी: पेव्हरचा ठराव सर्वसाधारण सभेत एकमताने झाला होता, नाना. तुम्हीही हजर होतात.

नाना: मी चहाला होतो.

बी-१०२: पेव्हर काढले तर माझं पार्किंग जाईल. पैसे भरून घेतलंय.

मीनल: सगळे काढायचे नाहीत. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवतीचा एक मीटरपर्यंतचा काँक्रीटचा भाग काढायला लावला होता. आपण दीड मीटर धरू. तुमची गाडी पंपरूमच्या बाजूला सरकवता येईल, तिथे जुनी लोखंडी कपाटं पडलीत.

बी-१०२: ती कपाटं कुणाची आहेत ते आधी विचारा.

सुनीताकाकू: आमची. नेते रविवारी. पण झाडावरच्या कैऱ्या उतरवणार का, ते सांगा.

नाना: उतरवाच काकू. दुबळ्या झाडावर फळांचा भार नको. पुढच्या मोसमातही मोहोर धरवायला कुणी कल्टार नावाचं औषध घाला म्हटलं तर ऐकू नका, त्याने पालवी दबते आणि आपल्याला पालवीच हवीय.

ए-४०४: युरिया टाकू का?

रोहन: दादा, नको 😅 ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यातलं मुरलेलं खत पातळ पसरू, वर वाळका पाला तीन-चार बोटं. बुंध्याला टेकवायचा नाही. पाऊस लागेपर्यंत आठवड्यातून एकदा सावकाश, खोल पाणी. आणि गाड्या धुतलेलं साबणाचं पाणी तिकडे वळवू नका.

सेक्रेटरी: ठीक. पेव्हर-पीसीसीसाठी ब्रेकरवाला सांगतो.

नाना: ब्रेकर नको साहेब, मुळं तुटतील. पहार-छिन्नीने, हाताने. भराव तर खुरप्यानेच काढायचा. वेळ लागेल.

ए-४०४: मग पुढच्या वर्षी ठणठणीत ना?

नाना: दोन-तीन पावसाळे जातील. या पावसाळ्यानंतर पालवी कशी येते त्यावर कळेल. खोड पोकळ किती आहे ते मात्र महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांना दाखवू. पार्किंगवर झुकलेली बाजू धोक्याची म्हणाले, तर तेवढी हलकी करू.

बी-१०४: आणि आरसा?

सेक्रेटरी: बिल द्या, कमिटीपुढे ठेवतो. रविवारी सकाळी ७ वाजता मागे जमावं. पहार कुणाकडे आहे?

बी-१०२: माझ्याकडे आहे. पण कपाटं हलल्यावरच देईन.