स्मरणिकेतला लेख: इस्रायली वर, मंगोलियन खाली, असं का?

प्रेषक: स्मरणिका समिती (ॲशबर्न)

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मी एक लेख लिहायला घेतलाय. अमेरिकेत येऊन राहिलेल्या निरनिराळ्या समाजांची आर्थिक स्थिती, असा विषय. आपण भारतीय सगळ्यांत वर आहोत हे आपल्याला ठाऊकच आहे. २०१९ साली भारतीय कुटुंबाचं मध्य उत्पन्न (निम्मी कुटुंबं याच्या वर, निम्मी खाली) १,१९,००० डॉलर होतं. इस्रायलहून आलेले लोकही राष्ट्रीय मध्यापेक्षा बरेच वर दिसतात. पण मंगोलियन समाजाशी येऊन मी अडलो. त्याच वर्षाच्या आकड्यांवरून प्यू संशोधन केंद्राने काढलेल्या हिशोबात मंगोलियनांपैकी २५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. आपल्यात हे प्रमाण ६ टक्के होतं. आणि तरीही मंगोलियन प्रौढांत निम्म्याहून जास्त लोक पदवीधर आहेत, म्हणजे अमेरिकेच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त!

दोन्ही देश लोकसंख्येने लहान. दोन्हीकडून शिकलेली माणसं येतात. मग एवढी तफावत कशाने? मला वाटतं, हा फरक घरच्या वळणाचा आणि बचतीच्या सवयीचा असावा. लेखात तसंच मांडायचं म्हणतोय. कोणाला अधिक माहिती असेल तर रविवारच्या आत कळवा, मजकूर छपाईला जायचाय.

---

प्रेषक: आर्लिंग्टनहून

दादा, कृपा करून लेख एवढ्यात छपाईला देऊ नका.

मी गेली काही वर्षं फेब्रुवारी ते एप्रिल दर शनिवारी इथल्या वाचनालयात लोकांचे करपरतावे भरून देते. आयआरएसची, म्हणजे इथल्या करखात्याची, ‘व्हिटा’ नावाची मोफत योजना आहे, त्यातली मी एक स्वयंसेवक. आर्लिंग्टनमध्ये मंगोलियन वस्ती मोठी आहे. इथल्या सरकारी शाळांतल्या मुलांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषांत मंगोलियन पहिल्या काहींत येते. त्यामुळे माझ्यासमोर या समाजातल्या बायका बऱ्याच येतात. कुणा एकीची खासगी गोष्ट मी सांगणार नाही. तीन-चार जणींचं मिळून सांगते.

ती येते तेव्हा तिच्या हातात चौकटींची एक शाळकरी वही असते. दिवसभर घरं साफ करायची, त्यासाठी आपली गाडी आपल्याच पेट्रोलने पळवायची, आणि रात्री त्या वहीत मैल लिहायचे. तारीख, कुठून कुठे, किती मैल. अक्षरं सिरिलिक, आकडे मात्र आपल्याला सहज वाचता येतील असे. प्रत्येक पानाखाली लाल शाईने बेरीज, पुढच्या पानाच्या माथ्यावर ती ओढलेली, आणि वर्षाखेर एकूण. मी कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून बघितली, एका मैलाचाही फरक निघाला नाही. उलानबातरला ती हिशेबनीस होती. दादा, बचतीची आणि शिस्तीची सवय म्हणजे याहून वेगळं काय असतं?

ती गरीब का, ते तिच्या कागदांत दिसतं. तिला पगारदाराला मिळणारा डब्ल्यू-२ हा करकागद मिळत नाही, १०९९ मिळतो. म्हणजे जिच्यासाठी ती रोज राबते ती एजन्सी तिला नोकर मानत नाही, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ मानते. आपल्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते. तिला दोन्ही वाटे स्वतःच भरावे लागतात, १५.३ टक्के. सुट्टी नाही, आरोग्यविमा नाही. त्या वहीतल्या मैलांमुळे २०२४ सालासाठी मैलामागे ६७ सेंट वजावट मिळाली, तेव्हा कुठे तिचा कर आवाक्यात आला. वही नसती तर वर्षाची शिल्लक त्यातच गेली असती.

आता ती इथे आली कशी ते बघा. १९९०पर्यंत मंगोलिया सोव्हिएत छायेत होता. शिकलेल्या माणसांची दुसरी भाषा रशियन, उच्च शिक्षण उलानबातर, इर्कुत्स्क, मॉस्कोला. राजवट बदलली, सरकारी कारखाने आणि शेतीसंघ मोडले, आणि रशियन येणाऱ्या अभियंत्याला इंग्रजीत अर्ज करायची पाळी आली. पुष्कळजण इथे विद्यार्थी व्हिसावर येतात. त्या व्हिसावर शाळा चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. तिकडची पदवी इथल्या मालकाला कळत नाही आणि व्यवसायाचा परवाना नव्याने काढायला पैसा आणि वर्षं दोन्ही लागतात.

आणि आपण? आपल्यातल्या बहुतेकांच्या हातात विमानात बसायच्या आधीच नोकरीचं पत्र होतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वर्षाला ८५,००० जागा, आणि मंजूर होणाऱ्या अर्जांत सर्वांत मोठा वाटा भारतीयांचा. आधी प्रवेशपरीक्षेची चाळणी, मग कंपनीची, मग व्हिसाची. तीन चाळण्यांतून जे दाणे खाली आले त्यांचंच वजन करायचं आणि म्हणायचं की आमचं पीक जोमदार! स्मरणिका आपली मुलं वाचतात. त्यांच्या हातात हे पडू नये असं मला मनापासून वाटतं.

आकड्यांबद्दलही दोन गोष्टी. २०१९ साली देशभरातले मंगोलियन तीस हजारांच्या आत होते. एवढ्या लहान समाजातले थोडेच लोक पाहणीच्या नमुन्यात येतात, त्यामुळे टक्का इकडेतिकडे हलतो. शिवाय कॅम्पसबाहेर खोली घेऊन राहणारा, घरच्यांनी साठवलेल्या पैशावर शिकणारा विद्यार्थी या हिशोबात गरीबच दिसतो, कारण साठवलेला पैसा उत्पन्नात धरत नाहीत. उलट, अधिकृत दारिद्र्यरेषा आर्लिंग्टनला आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या गावाला एकच आहे. इथलं घरभाडं देताना जिचा जीव मेटाकुटीला येतो, ती त्या रेषेच्या जरा वर असली की कागदोपत्री गरीब राहत नाही.

---

प्रेषक: रॉकव्हिलहून

ताईंनी मंगोलियन बाजू सांगितली. माझे शेजारी आणि ऑफिसातले बरेच सहकारी इस्रायली आहेत, म्हणून त्या बाजूचं थोडं.

पहिलं म्हणजे दोघांची मोजणीच वेगळी. मंगोलियन माणूस फॉर्मवर वंशाच्या प्रश्नाखाली ‘इतर आशियाई’मध्ये स्वतःचं नाव लिहितो. २०१९च्या पाहणीत इस्रायलीला वंशाच्या रकान्यात वेगळी जागा नव्हती, तो जन्मस्थानावरून किंवा ‘मूळ’ विचारलं की त्याने काय लिहिलं त्यावरून मोजला गेला. ज्याचे आईवडील मोरोक्कोचे किंवा पोलंडचे, तो मूळ म्हणून काय लिहील? आणि ज्यू असल्याची मोजणी जनगणना विभाग करत नाही, कारण धर्म सक्तीने विचारायचा नाही असा कायदा आहे. तेव्हा हे दोन आकडे शेजारी ठेवताना जपून.

दुसरं, सगळे इस्रायली सॉफ्टवेअरवालेच असतात असं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसला आलेल्यांपैकी बरेच टॅक्सी चालवत, घरं रंगवत, सामान हलवत. तिकडे त्यांना मान नव्हता. इस्रायलला जाणं म्हणजे ‘आलिया’, वर चढणं, आणि सोडून जाणारे ते ‘योरदीम’, खाली उतरलेले. पंतप्रधान राबिन यांनी १९७६मध्ये त्यांच्याबद्दल फार कठोर शब्द वापरले होते.

पण इथे उतरल्यावर त्यांच्या पायाखाली जमीन होती. न्यूयॉर्कची हिब्रू फ्री लोन सोसायटी १८९२पासून बिनव्याजी कर्ज देत आलीय. जामीन आणा, पैसे न्या, हप्त्याने फेडा. त्याखेरीज ज्यू कुटुंबसेवा संस्था, शाळा, ओळखीचे वकील, ओळखीचे डॉक्टर. सगळ्या इस्रायलींना ते आपलं वाटलं असं नाही, पण दार वाजवायला जागा होती. आपल्या गावाकडे भिशी जे काम करते, ते तिथे शंभर वर्षं जुन्या संस्थेने केलं. मंगोलियन माणूस १९९०नंतर आला तेव्हा त्याच्या आधी कोण होतं? १९५१च्या सुमारास जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांतून आलेले थोडे काल्मिक मंगोल, न्यू जर्सीत हॉवेलजवळ आणि फिलाडेल्फियात. भलेपणा असेल, पण संख्या शेकड्यांत.

एक गोष्ट मला स्वतःला चकित करून गेली. इथे धंद्यात पैसा घालून यायचा जो ई-२ व्हिसा आहे, तो मंगोलियाच्या नागरिकांना १९९७पासून खुला आहे आणि इस्रायलच्या नागरिकांना थेट २०१९पासून. म्हणजे हा दरवाजा मंगोलियनांसाठी बावीस वर्षं आधी उघडला! पण त्यातून आत यायला भांडवल लागतं. भांडवल नसेल तर उघड्या दाराचा काय उपयोग?

---

प्रेषक: खजिनदार

सगळं पटतंय, तरी एक बोलतो. आम्ही दोन बॅगा घेऊन आलो. बायकोने पाच वर्षं व्हिसाच्या अटीमुळे घरी बसून काढली, मी रात्ररात्र जागून प्रोजेक्ट निभावले. हे सगळं चाळणीच्या नावावर टाकलंत तर आमच्या कष्टांना काही किंमतच उरत नाही.

---

प्रेषक: आर्लिंग्टनहून

खजिनदारदादा, तुमच्या कष्टांना किंमत नाही असं मी कधीच म्हणणार नाही. वहिनींची ती पाच वर्षं मी जवळून पाहिलीत. मी एवढंच म्हणतेय की वहीवालीही तेवढीच राबते. कष्ट दोन्हीकडे सारखे आहेत, म्हणूनच उत्पन्नातला फरक कष्टांतून निघत नाही.

---

प्रेषक: रिचमंडहून

मुलांनो, मी सहसा यादीवर लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

माझं बालपण अलिबागजवळ गेलं. आमच्या आळीत बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची, कुटुंबं होती. घरी मराठी, आडनावं आपल्यासारखीच ‘कर’ लागलेली, पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याला फुटलं ही त्यांची कथा. जुन्या काळी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’. पुढे मुंबईत येऊन कारकून झाले, रेल्वेत लागले, सुतारकाम केलं. माझ्या आईची जिवाभावाची मैत्रीण त्यांच्यातलीच. कुणी शेजारीण माहेरी जावी तशी ती एक दिवस सामान बांधून निघाली आणि परत आली नाही.

१९४८नंतर ही माणसं इस्रायलला गेली ती एकेकटी निवडून नव्हे, आळीच्या आळी उठून गेली. म्हातारे, तान्ही मुलं, शिकलेले, न शिकलेले सगळे. तिथे सरकारने नवी वसवलेली गावं त्यांच्या वाट्याला आली. दिमोना, येरुहाम ही वाळवंटात, तशीच बीरशेबा, अश्दोद, लोद. दिमोनात पुष्कळांना कापडगिरणीत काम मिळालं. काहींना वागणूक इतकी जाचली की १९५१-५२मध्ये त्यांनी तेल अवीवला धरणं धरलं, ‘आम्हाला परत पाठवा’ म्हणून, आणि खरोखरच काहीजण मुंबईला परतले. पुढे त्यांच्या लग्नांबद्दल धर्मपीठाने शंका काढली, ती मिटायला १९६४ उजाडलं.

काही वर्षांपूर्वी मी दिमोनाला जाऊन आलो. आईच्या मैत्रिणीच्या मुलीने दार उघडलं आणि ‘या, बसा’ म्हणाली. तोच आमच्याकडचा हेल. चहा झाल्यावर तिने पोह्यांचा मलिदा पुढे केला, खोबरं, साखर, वेलची घातलेला. घर दोन खोल्यांचं. तीस वर्षं गिरणीत काढलेल्या बाईचे बोटांचे सांधे सुजलेले होते. शेल्फवर ‘मायबोली’चे जुने अंक रचून ठेवलेले, इस्रायलमधून निघणारं मराठी नियतकालिक. तिची नातवंडं शिकून चांगल्या नोकऱ्यांत आहेत, पण तिचं स्वतःचं आयुष्य हातावर पोट घेऊनच गेलं.

म्हणून सांगतो. घरचं वळण तेच, भाषा तीच, पाण्याला जायची विहीरसुद्धा तीच. ती त्या दाराने गेली आणि मी १९७१ साली डॉक्टरांची गरज असलेल्या देशात डॉक्टर म्हणून आलो. वळणाने पगार ठरत असता तर तिचा आणि माझा सारखा असायला हवा होता.

---

प्रेषक: स्मरणिका समिती (ॲशबर्न)

काका, ताई, सगळ्यांचे आभार. काकांचं पत्र मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. मुलगी पुन्हा वाच म्हणाली.

‘घरचं वळण’ हा परिच्छेद काढून टाकलाय. क्रमवारीचा तक्ताही छापणार नाही. लेख आता प्रत्येकजण कुठल्या दाराने आला यावर लिहितोय. काका, तुमची हरकत नसेल तर दिमोनाची भेट तुमच्याच शब्दांत चौकटीत घेतो. रॉकव्हिलच्या दादांनी मोजणीबद्दल लिहिलं म्हणून आपल्याबद्दलही शोधलं. जनगणना विभागाच्या भाषांच्या नेहमीच्या तक्त्यात मराठीला स्वतंत्र ओळ नाही, आपण ‘नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा’ अशा एकाच गठ्ठ्यात आहोत. म्हणजे ‘मराठी माणसाचं उत्पन्न’ असा जो आकडा आपण समारंभात ऐकवतो, तो मुळात भारतीयांचा आहे. हेही लेखात येईल.

ताई, व्हिटाला माणसं कमी पडतात असं तुम्ही मागे म्हणाला होतात. आपल्या मंडळात निदान वीसजण वित्त आणि हिशेबाच्या कामात आहेत. परीक्षा ऑनलाइन असते ना? तारखा कळवा, मी स्वतः देतो. डिसेंबरपर्यंत तयारी झाली तर फेब्रुवारीत पहिल्या शनिवारपासून बसता येईल.

---

प्रेषक: आर्लिंग्टनहून

दादा, परीक्षा ऑनलाइनच असते, पुस्तक उघडून द्यायची, मोफत. १०९९चे धडे नीट करा, सगळ्यात जास्त काम त्याचंच पडतं. खजिनदारदादा, तुम्हीही याल का? वाचनालय सकाळी १० वाजता उघडतं, पण रांग साडेनवालाच लागते. मी दाराशी असेन.