टूलचे वर्णन किती सविस्तर असावे?

प्रश्न: आमच्या एजंटकडे (स्वतः कामे करणाऱ्या एआय मॉडेलकडे) ‘शोधा’ आणि ‘मिळवा’ ही दोन टूल, म्हणजे त्याला वापरता येणारी फंक्शने, आहेत, दोन्हींच्या वर्णनात ‘ग्राहकाची माहिती आणते’ एवढेच लिहिले असल्याने तो वारंवार चुकीचे टूल निवडतो. वर्णन वाढवावे का?

उत्तर १: लांबीपेक्षा भेद महत्त्वाचा. मॉडेलला आतला कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि पॅरामीटरांचा स्कीमा (टूलला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा) एवढ्यावरच ते निवड करते, म्हणून ग्राहक क्रमांक ठाऊक असल्यास ‘मिळवा’ आणि केवळ नाव ठाऊक असल्यास आधी ‘शोधा’, हे दोन्हीकडे लिहावे.

उत्तर २: टूलला तारीख द्यावी लागत असेल तर तिचा साचाही उदाहरणासह द्यावा, ०५-०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हा घोळ माणसांचाही होतो. मात्र वर्णनेही कॉन्टेक्स्टमधील (मॉडेल एका वेळी वाचू शकते त्या मर्यादित मजकुरातील) जागा व्यापतात, तेव्हा पाल्हाळ नको.

प्रश्नकर्ता: भेद लिहिला. आता टूलचा ‘अवैध’ एवढेच सांगणारा त्रुटिसंदेशही बदलतो, म्हणजे नेमके काय चुकले ते मॉडेलला कळेल.