वय झालेल्या रिट्रीव्हरला पुढच्या हंगामात बदकांच्या शिकारीला न्यावे का?

खाडीकाठ (मेरीलँड):

नमस्कार. जानेवारीअखेर येथील बदकांचा हंगाम संपला, तेव्हापासून हा प्रश्न मनात घोळतो आहे. आमची सावी ही चेसापीक बे रिट्रीव्हर (मारलेला पक्षी शोधून आणणाऱ्या कुत्र्यांची एक जात) जातीची मादी असून ती नऊ वर्षांची झाली आहे. पिल्लू असल्यापासून ती माझ्याबरोबर चेसापीक खाडीच्या पूर्व किनाऱ्यावरील, म्हणजे ईस्टर्न शोअरच्या, दलदलीत आणि खाडीवर येते.

ऑक्टोबरमध्ये, गवताळ उथळ पाण्यात वूड डक आणि टील ही बदके येत होती, तेव्हा तिच्या कामात काहीही उणे नव्हते. बार झाला की पक्षी कोठे पडला ते नजरेने टिपायचे, हुकूम मिळेपर्यंत जागचे हलायचे नाही आणि मग पिसेही न चुरगळता पक्षी हातात आणून द्यायचा, हे सारे ती पूर्वीइतक्याच चोखपणे करत होती. डिसेंबरनंतर आम्ही स्कॉप आणि कॅनव्हासबॅक या बुडी मारणाऱ्या बदकांसाठी खाडीच्या उघड्या पाण्यावर गेलो आणि तेथे फरक दिसू लागला. जानेवारीत एकदा ओहोटीच्या ओढीविरुद्ध बरेच लांब पोहून ती परतली, पक्षी माझ्या हाती दिला, पण अंग झटकले नाही. तिची शेपटी मुळापासून लुळी लोंबत होती आणि दुसऱ्या दिवशी मागचे पाय आखडले होते. असे असूनही पुढच्या खेपेस मी पहाटे वेडर्स (पाण्यात उतरण्याचे उंच जलरोधक बूट) चढवू लागलो, तेव्हा ती माझ्याआधी दाराशी उभी होती. ती स्वतःहून कधीच माघार घेणार नाही, त्यामुळे निर्णय मलाच घ्यावा लागणार आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. तिला आता पूर्ण विश्रांती द्यावी का? आणि द्यायची झाली, तर कुत्र्याशिवाय शिकारीला जाणे योग्य ठरेल का? जखमी पक्षी पाण्यात हरवणे मला मान्य नाही.

पशुवैद्य_ऑन्टारिओ:

तुम्ही वर्णन केलेली शेपटी थंड पाण्यात दीर्घकाळ पोहल्यानंतर रिट्रीव्हर जातींत पुष्कळदा आढळते. शेपटीच्या मुळाशी असलेल्या स्नायूंना इजा होते, ती दुखते, आणि विश्रांती दिल्यास बहुधा काही दिवसांत ते दुखणे ओसरते. मला अधिक काळजी मागच्या पायांची वाटते. नितंब आणि कोपराचे सांधे हे या जातींचे दुबळे स्थान आहे. त्यामुळे उन्हाळ्यापूर्वी क्ष-किरण तपासणी करून घ्या आणि संधिवात कितपत आहे हे कळल्यावरच ऑक्टोबरचा विचार करा. घरातले आयबुप्रोफेन देऊ नका, कारण माणसांचे ते औषध कुत्र्यांना विषारी ठरते.

वजन हा सर्वांत मोठा उपाय आहे आणि तोच सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. लॅब्रॅडॉरवर आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाव हिस्सा कमी अन्न दिलेले कुत्रे आपल्या भावंडांपेक्षा सरासरी १.८ वर्षे अधिक जगले आणि त्यांच्यात संधिवाताची लक्षणेही उशिरा दिसली. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत.

थंडीबाबत एक खूण लक्षात ठेवा. कुडकुडणे म्हणजे शरीर अजून झुंजत आहे. ओले कुत्रे कुडकुडायचे थांबून मंदावले किंवा अडखळू लागले, तर शिकार त्याच क्षणी आवरती घ्या, त्याला कोरडे करा आणि गाडीत उबेला न्या. निओप्रीनचे जॅकेट उपयोगी आहे, मात्र ते अंगाला घट्ट बसणारे हवे. सैल जॅकेटमध्ये पाणी साठते आणि तेच ओझे होते. शिवाय २०२२ पासून उत्तर अमेरिकेतील रानबदकांत बर्ड फ्लूचा मोठा फैलाव झालेला आहे. २०२३ मध्ये आमच्या प्रांतातील ओशावा येथे मृत रानहंस चघळल्यानंतर एक कुत्रा दगावला होता. सावीला मेलेले पक्षी चघळू देऊ नका आणि कच्चे मांसही घालू नका.

जुना_लपणकर:

डॉक्टरताईंनी प्रकृतीचे सांगितले, मी कामाचे सांगतो. पूर्ण विश्रांतीची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आयुष्यभर काम केलेल्या कुत्र्याला एकाएकी घरी बसवले, तर ते खंतावते, हे मी पाहिले आहे. तपासणीत अडचण निघाली नाही, तर हंगामाची वाटणी करा. ऑक्टोबरातील उथळ दलदल आणि शांत हवेचे दिवस तिचे, जानेवारीची उघडी खाडी मात्र तिच्यासाठी कायमची बंद. लपणाशेजारी पाण्याबाहेर राहील असा फळीचा ओटा बांधा, म्हणजे बदकांची वाट पाहताना तिला पाण्यात उभे राहावे लागणार नाही. नावेवर चढायला उतरती फळी लावा, कारण काठावरून स्वतःला वर ओढताना म्हाताऱ्या कुत्र्याच्या खांद्यांवर सर्वांत जास्त ताण येतो.

कुत्र्याशिवाय जायचे असेल, तर जागा बदलावी लागेल. जखमी स्कॉप बुडी मारतो, भलतीकडेच वर येतो आणि कधी केवळ चोच पाण्याबाहेर ठेवून तरंगतो. लाटांत तो माणसाला दिसत नाही. इंजिन चालू असलेल्या नावेतून त्याच्यावर बारही काढता येत नाही. जखमी केलेला पक्षी शोधण्याचा वाजवी प्रयत्न करणे हे कायद्याने बंधनकारक आहे, पण खाडीवर तो प्रयत्न कुत्र्याविना बहुतेक वेळा अपुराच पडतो. म्हणून गुडघाभर पाणी, नकली बदके अगदी जवळ मांडलेली, आणि पक्षी पंख पसरून उतरण्याच्या बेतात असतानाच बार, एवढेच धोरण ठेवा. पोलादी छर्रे शिशापेक्षा हलके असल्याने लांबच्या अंतरावर त्यांचा जोर लवकर ओसरतो. १९९१ मध्ये बदकांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर अमेरिकेत देशभर बंदी आली तेव्हापासून आम्ही सर्वांनी जवळून मारण्याची शिस्त लावून घेतली आहे.

भिगवणची_वाट (पुणे):

मी पक्षीनिरीक्षक आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची परिस्थिती पालटली. भरतपूरच्या पक्षी अभयारण्यातील दगडी फलकावर मात्र १९३८ मधील एका दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी मारल्याची नोंद अजूनही वाचायला मिळते. मला शिकार पटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. तरीही जखमी पक्ष्यासाठी तुमचा जीव तुटतो हे वाचून विचारावेसे वाटते, की जेथे सावी जाऊ शकत नाही, तेथे बंदूकही नेऊ नये, असे का नाही ठरवत?

खाडीकाठ (मेरीलँड):

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि खाडीपुरता तो मला पूर्णपणे पटला आहे. दलदलीतील शिकार मी सोडणार नाही, कारण दिवसाला सहा बदकांची मर्यादा, त्यातही जातीनुसार निर्बंध, आणि १९३४ पासून चालत आलेला डक स्टँप (शिकाऱ्यांनी विकत घ्यायचे सरकारी तिकीट) यांवर माझा विश्वास आहे. पंचवीस डॉलरच्या त्या तिकिटाचा जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जमिनी राखण्यासाठी जातो. आमच्या जवळचे ब्लॅकवॉटर अभयारण्यही अशाच पैशातून विस्तारत गेले.

एप्रिलमध्ये सावीची क्ष-किरण तपासणी करून घेतो. सांधे ठीक निघाले तर ऑक्टोबरात दलदलीत जाऊ. खाडीवर पुढच्या हिवाळ्यात बंदूक नेणार नाही. लपणकरकाका, त्या ओट्याची उंची भरतीच्या पाण्यापेक्षा किती वर ठेवता, तेवढे कळवा.

जुना_लपणकर:

मोठ्या भरतीच्या रेषेपेक्षा वीतभर वर. फळीवर जुन्या गालिच्याचा तुकडा ठोका, ओल्या लाकडावर तिचे पाय घसरणार नाहीत.