जुन्या पितळी सेक्स्टंटला कुठलं तेल घालावं?

शीडवाला: जुना पितळी सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजायचं जहाजावरचं यंत्र) हाती आलाय. ड्रम (कोन बारीक जुळवायची फिरती गुंडी) फिरवताना ४० अंशांच्या आसपास अडखळतो, बाकी ठीक. जवळ शिलाई मशीनचं तेल, ग्रीस आणि डब्ल्यूडी-४० आहे. काय वापरू? सोबत होकायंत्र आणि क्रोनोमीटरही (जहाजावरचं अचूक घड्याळ) आहे. एका बैठकीत तिघांनाही तेल देऊन टाकावं म्हणतो.

वर्म_आणि_दात: तेलाची बाटली जरा बाजूला ठेवा. एकाच जागी अडखळतोय म्हणजे तिथल्या दातांत मळ बसलाय, नाहीतर एखादा दात दुखावलाय. क्लॅम्प दाबून वर्म (ड्रमला जोडलेला, दातांत बसणारा स्क्रू) दातांपासून सोडवा, मऊ ब्रश तेलात बुडवून कमानीचे दात घासा. काळा राप सुटेल तो सुती कापडाने टिपून घ्या. टाचणी, तारेचा ब्रश अजिबात नको.

मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब वर्मवर सोडा आणि ड्रम फिरवत भुजा (कमानीवर सरकणारा दांडा) कमानीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. हाताला कंटाळा येतो, पण तेल सगळ्या दातांना लागतं. उरलेलं पुसा. खाद्यतेल कधीच नको, ते चिकट होतं आणि पितळेवर हिरवी पुटं चढतात. डब्ल्यूडी-४० ओल घालवायला ठीक, पण वंगण म्हणून टिकत नाही. शिवाय फवारा आरशांवर उडतो.

धुकं: ग्रीस का नको? माझ्या सेक्स्टंटला लावल्यावर ड्रम कसा मस्त फिरायला लागला!

वर्म_आणि_दात: मस्त फिरतो, कारण जाड ग्रीस ढिलेपणा झाकतं. खारी धूळही धरून ठेवतं आणि तीच पुढे दात खाते. ड्रमचा एक फेरा म्हणजे १ अंश, ६० मिनिटं. तिथे एका मिनिटाची चूक झाली तर नकाशावर १ सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर इकडेतिकडे. एकच तारा आधी डावीकडून, मग उजवीकडून ड्रम फिरवून जुळवून बघा. आकडे वेगळे आले तर वर्म आणि दातांत ढिलेपणा आहेच, मग दर वेळी एकाच दिशेने जुळवायचं.

सुईटोक: होकायंत्राच्या सुईच्या टोकाला तेल लावू नका, तबकडी जड होऊन अडकते. गिंबलच्या (होकायंत्र आडवं ठेवणाऱ्या झुलत्या कड्यांच्या) खिळींना थेंबभर चालेल, बस.

टिकटिक: क्रोनोमीटरला हात लावू नका, घड्याळजीकडे द्या. त्याला घड्याळाचंच तेल लागतं, तेही नेमक्या जागी आणि नेमकं तेवढंच. तेल घट्ट झालं की चाल बदलते. इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनने १७३५ च्या आपल्या पहिल्या सागरी घड्याळात तेलाची कटकटच ठेवली नव्हती. लिग्नम व्हिटे नावाचं मुळात तेलकट लाकूड वापरलं. तुमचं तसलं नसणार!

शीडवाला: ब्रशने काम झालं, बराच काळा राप निघाला. आता कमान पॉलिशने चकाकवू का?

वर्म_आणि_दात: नको हो! आकडे आणि रेघा घासल्या जातील. मऊ कापडाने नुसती पुसा.