रत्नागिरीत आफ्रिकन केसांच्या बारीक वेण्या घालून देणारं कुणी आहे का? (पुण्या-गोव्यापर्यंत जायची तयारी)

मिऱ्याची काकू

नमस्कार मंडळी. आमच्याकडे वर्षभरासाठी अमेरिकेतल्या अटलांटाची मुलगी राहायला आली आहे. वय 17, इथे अकरावीला बसते. कृष्णवर्णीय आहे. तिचे केस आपल्यासारखे नाहीत हे मला माहीत होतं, म्हणजे माहीत आहे असं वाटत होतं.

जुलैत आली तेव्हा डोकंभर बारीक वेण्या, पेन्सिलीएवढी एकेक, कमरेपर्यंत. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाय, रोज एवढ्या घालतेस कधी नि कॉलेजात जातेस कधी?" त्या एकदा घातल्या की दीड-दोन महिने तशाच राहतात आणि त्यांत बरेचसे केस बाहेरचे, आपल्या गंगावनासारखे मिसळलेले असतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. गणपतीपर्यंत मुळाशी दोन बोटं केस वाढले. वेण्या लोंबायला लागल्या. गौरी-गणपती गेल्यावरच्या रविवारी आम्ही तिघीजणी त्या सोडवायला बसलो. सोडवता सोडवता केसांचा एवढा पुंजका निघाला की सासूबाई घाबरून देवाजवळ जाऊन बसल्या. पोर मात्र हसत होती. रोजचे गळणारे केस दोन महिने वेणीतच अडकून राहतात, ते सगळे एकदम निघतात म्हणे.

पुढची चूक माझी. मी तिला तशीच न्हाणीघरात नेलं आणि आमच्या पोरींना न्हाऊ घालते तसा शॅम्पू चोळला. गुंता न काढता. दहा मिनिटांत मागे जटेसारखा गोळा झाला. मग मी फणी लावली. फणीचे दोन दात मोडले, आणि पोर रडली. मुकाट्याने रडली, ते जास्त लागलं मला.

दुसऱ्या दिवशी तिला इथल्या एका पार्लरमध्ये घेऊन गेले. तिथल्या बाईंनी केसांना हातही न लावता सांगितलं, "स्मूदनिंग करून टाका, कटकट मिटेल." म्हणजे औषध लावून केस सरळच करून टाका. मी भाषांतर केलं नाही. पण तिला कळलं.

तर आता सांगा. वेण्या घालून कुठे मिळतील? बाहेरचे केस इथे मिळतात का? तिच्याजवळ दोनच पाकिटं उरली आहेत. आणि भाट्याच्या समुद्रात तिला डुंबायचं असतं, ते चालेल का?

देवगडचो झील

गोव्याक जावा. कळंगुटाच्या किनाऱ्यार बायका बसलेल्या असतत, अर्ध्या तासात घालून देतत. एवढा काय त्यात!

चिपळूणची, सध्या पुणे

काकू, तो गोव्याचा सल्ला ऐकू नका. किनाऱ्यावर घालतात ते पर्यटकांच्या सरळ केसांवर, रंगीत दोरे-मणी लावून. तिथल्या एखाद्या बाईला येतही असेल, पण आधी विचारा की असल्या केसांवर घातलेल्या वेण्यांचे फोटो दाखव. नसतील तर उठून या.

मी होस्टेलला होते तेव्हा शेजारच्या खोलीत केनियाच्या दोघी आणि काँगोची एक. त्यांचं बघून बघून जेवढं शिकले ते सांगते. फणी उवांपुरती ठेवा. आधी गुंता, मग शॅम्पू, हा क्रम कधी उलटा करायचा नाही. केस पाण्याच्या फवाऱ्याने ओले करा, कंडिशनर अगदी हात सैल सोडून लावा, डोक्याचे सहा-आठ भाग करून चिमटे लावा. मग एकेक भाग आधी बोटांनी, नंतर रुंद दातांच्या कंगव्याने. सुरुवात टोकापासून आणि हळूहळू वर मुळाकडे. आपण वरून खाली ओढतो, तिथेच सगळं बिघडतं. टाळूचं तेल इतक्या वेटोळ्यांतून टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून हे केस कोरडे असतात आणि लवकर तुटतात. एक दिवसाआड धुवायचे नाहीत. आठ-दहा दिवसांनी एकदा पुरे.

तुम्ही वर्णन केलंत त्या बॉक्स ब्रेड्स. भांग चौकोनी पाडतात म्हणून बॉक्स. डोक्याला चिकटून शेतातल्या सरींसारख्या जातात त्या कॉर्नरोज. हल्ली मुली नॉटलेस मागतात. त्यात बाहेरचा केस मुळाशी गाठवून लावत नाहीत, तिच्याच केसांनी वेणी सुरू करून थोडा थोडा मिसळत नेतात. मुळावर ताण कमी येतो, पण वेळ जास्त लागतो. पाच ते आठ तास धरून चाला. आमच्याकडे रविवारी पोहे खाऊन बसायच्या, चहा दोनदा होऊन जायचा आणि वेण्या अजून मानेवरच.

पुण्यात आफ्रिकेतले विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांच्यात एखादीचा तरी हात बसलेला असतोच, आणि ती कोण हे बाकीच्या सगळ्यांना माहीत असतं. मी चौकशी करते. पैसे आणि केस कोणी आणायचे हे आधी ठरवून घ्या.

मुरुडकर 62

एक सुचवू का? आमचा जंजिरा सिद्दींचा. ती माणसं मूळ आफ्रिकेतली. कारवारकडे यल्लापूर-हल्याळ भागात सिद्दींची गावं आहेत. तिथे कुणी घालून देईल.

चिपळूणची, सध्या पुणे

मुरुडकर काका, ते लोक येऊन कित्येक शतकं झाली. घरात कोंकणी बोलतात. आफ्रिकी वंशाचे म्हणून वेण्या आल्याच पाहिजेत, हे म्हणजे कोकणस्थ दिसला की त्याला आंब्याची कलमं बांधायला सांगण्यासारखं झालं.

मुरुडकर 62

मान्य. मला स्वतःला नारळावर चढता येत नाही. तरी पोरीला किल्ला दाखवायला आणाच. राजपुरीहून शिडाच्या होडीने नेतात.

गुहागर ते ह्यूस्टन

इथे वेण्यांची वेगळी दुकानं असतात, पुष्कळशी सेनेगलसारख्या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांतून आलेल्या बायकांची. शनिवारी पहाटे नंबर लावतात.

"कटकट" शब्द तिला का लागला ते सांगते. इथे वेण्या घातल्या म्हणून किंवा केस आहेत तसे मोकळे ठेवले म्हणून मुलांना शाळेतून घरी पाठवलंय, माणसांच्या नोकऱ्या गेल्यात. त्याविरुद्ध 2019 साली कॅलिफोर्नियाने पहिला कायदा केला, त्याला क्राउन ॲक्ट म्हणतात. आमच्या टेक्सासात तो 2023 च्या सप्टेंबरात लागू झाला. अगदी कालपरवाची गोष्ट. आणि शक्यतो कुणाला विचारल्याशिवाय तिच्या केसांना हात लावू देऊ नका. बाजारात लावत असणारच.

आता कामाचं. बाहेरचे केस म्हणजे बहुतेक कृत्रिम धागा, कानेकालोन नावाचा, मूळ जपानी कंपनीचा. त्यावर प्रक्रियेचा थर असतो, त्याने काहींच्या टाळूला भयंकर खाज सुटते. वेण्या घालायच्या आदल्या दिवशी ते बाहेरचे केस पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजत ठेवा. पांढरट साय वर येईल. मग स्वच्छ धुऊन वाळवा. वेण्या घालताना फार ओढलं तर कपाळाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात. रात्री दुखून झोप आली नाही किंवा मुळाशी बारीक पुटकुळ्या आल्या तर "सवय होईल" म्हणू नका, तेवढ्या वेण्या सोडवा.

समुद्रात खुशाल जाऊ दे. आल्यावर गोड्या पाण्याने खारटपणा काढायचा आणि मुळापर्यंत वाळवायचं. तुमच्याकडच्या दमट हवेत ओल्या वेण्या आत कुबट होतात. डोकं धुताना पाणी घातलेला शॅम्पू चोचीच्या बाटलीतून फक्त भांगांत सोडायचा. रात्री सॅटिनची टोपी. सुती उशी केसांतला ओलावा शोषून घेते.

मिऱ्याची काकू

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, माफ करा. चिपळूणच्या बाईंनी नंबर दिला, तिचे फार उपकार.

रात्रीच्या एसटीने पुण्याला गेलो. वेण्या घालणारी नैरोबीची, पुण्यात एमएस्सी करते. तिने आधी केस नीट पाहिले, पोरीशी दोन वाक्यं बोलली, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "फणी कुणी लावली?" मी हात वर केला.

पोरीला जमिनीवर उशीवर बसवलं, स्वतः मागे खाटेवर. सकाळी साडेनऊला सुरुवात, उठलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेलेले. मी समोर बसून तिच्या बोटांकडे पाहत होते. सुईसारख्या टोकाच्या कंगव्याने भांग पाडायची, चौकोन सरळ नसेल तर मोडून पुन्हा. चिमटीत तिच्या केसांचे तीन पेड, चार-पाच फेरे तसेच, मग बाहेरच्या केसांची बारीकशी बट एका पेडात, पुढे दुसऱ्यात. नवीन केस कुठे आला ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही. आमच्याकडे अबोलीची वेणी करणारी बाई केळीच्या सोपात फुलं गुंफते तेव्हा असंच होतं, एक बोट थांबलेलं आणि बाकीची पळत असतात. शेवटी टोकं कढत पाण्याच्या पातेल्यात बुडवली. प्लास्टिक तापल्यासारखा वास आला आणि टोकं मिटली. त्या दोघी इंग्रजीत अखंड बोलत होत्या, कुणाच्या आईचा हात जड, लहानपणी कोण किती रडायचं. इथे आल्यापासून पोर एवढी बोललेली मी ऐकली नव्हती.

व्हिनेगरचं खरं निघालं. आमच्या बादलीत खरोखर साय आली. सासूबाईंना वाटलं दूध नासलं.

त्यांनी आपल्या जुन्या सॅटिनच्या परकराची टोपी शिवून दिली आहे, नाडीसकट. नाडी ओढली की बसते घट्ट. मुठेलाचाही प्रयोग झाला. पोर म्हणाली की घरी ती शिया बटर वापरते, ते असंच घट्ट असतं आणि हातावर वितळतं. म्हणून मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या तेलाचा, गोळा दिला. टाचांना लावतो तोच, पण नवा. वेण्यांतून सुटलेल्या स्वतःच्या केसांना लावते. टाळूला नाही, तिथे नुसता धुरळा बसतो.

दोन वेण्या मानेजवळ जरा घट्ट झाल्या होत्या, त्या परवा मी सोडवल्या आणि परत घातल्या. वाकड्या आल्या आहेत. ती म्हणाली राहू दे, आतल्या बाजूला आहेत.

आता पुढची फेरी डिसेंबरात. मुंबईहून कुणी रत्नागिरीला येणार असेल तर केसांची सहा पाकिटं आणाल का? रंग 1बी, म्हणजे काळा पण अगदी कुळकुळीत नाही. पैसे लगेच पाठवते. आणि सासूबाई विचारतायत की त्यातलं एक गंगावन म्हणून त्यांना चालेल का. पांढऱ्या रंगात येतं का ते.