मुलांच्या केसेसचं सुपरविजन: नुसतं बोलून भागतं का?

खेळघर: आमच्याकडे सुपरविजन म्हणजे थेरपिस्टनं अनुभवी सुपरवायझरला आपली केस वाचून दाखवायची, चर्चा, संपलं. पण सात वर्षांचा पोरगा अख्खा सेशन गाड्या आपटत बसतो ते शब्दांत काय सांगणार, कप्पाळ? क्रिएटिव्ह पद्धतीनं कोणी करतं का?

निळीशाई: आम्ही वाळूचा ट्रे वापरतो. बालरोगतज्ज्ञ मार्गारेट लोवेनफेल्डनी 1929 मध्ये लंडनला मुलांसाठी हे सुरू केलं, आता आपण मोठे खेळतो 😄 मूल, आई, शाळा, थेरपिस्ट, प्रत्येकासाठी एक खेळणं निवडायचं. मी आईच्या जागी वाघ ठेवला आणि स्वतःला पार कुंपणाबाहेर, सुपरवायझरनी एवढंच विचारलं की वाघ कोणाला घाबरतोय, तेव्हा कळलं मी त्या आईवर किती चिडलेय ते.

सडेतोड: छानच, पण मजा आली म्हणजे सुपरविजन झालं असं नाही हं. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर ट्रे बाजूला ठेवा आणि सरळ बोला, पोक्सो 2012 च्या कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे.

खेळघर: पटलं. ऑनलाइन कसं जमवता?

निळीशाई: ताटात बटणं, डब्यांची झाकणं, आणि कॅमेरा खाली वळवायचा. मुलाचं नाव मात्र कुठे लिहू नकोस.