नवरा आधी जाऊन घर लावणार, आम्ही चार महिन्यांनी. करावं का असं?

खारूताई:

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आलेय, आज लिहायची वेळ आलीय.

नवऱ्याची बदली झाली. साधीसुधी नाही, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. रेल्वेत दोन रात्री आणि मग घाटातून सात तास गाडी. गाव १९०० मीटर उंचीवर. आम्ही दोघंही सपाटीवर, उकाड्यात वाढलेले. आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा बंद ठेवायचे चार आठवडे. तिथली भाषा दोघांनाही येत नाही, लिपीसुद्धा वेगळी. ओळखीचं माणूस औषधालाही नाही. किमान तीन वर्षं काढायची आहेत.

मुलगी चार वर्षांची, तोंडाला खळ नसलेली. मुलगा नऊ महिन्यांचा, नुकता रांगायला लागलाय आणि मला दाराआडसुद्धा जाऊ देत नाही.

घरात ठरलंय ते असं: नवरा पुढच्या महिन्यात एकटा जाणार, घर बघणार, लावणार, आणि थंडी ओसरली की आम्ही तिघं. 'लेकरांची आबाळ नको.' आई आणि सासूबाई, दोघींचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालंय, त्यामुळे मला तोंड उघडायला जागाच उरलेली नाही.

पण खरं सांगू? थंडीची भीती वाटतच नाहीये. मी सात वर्षांची हिशेबनिसाची नोकरी सोडतेय. तो गेल्या दिवसापासून त्याला ऑफिस असेल, चार माणसं असतील, कुणीतरी त्याला नावाने हाक मारेल. चार महिन्यांनी मी पोचेन तेव्हा ते त्याचं गाव झालेलं असेल आणि मी त्याच्या गावातली पाहुणी. हे बोलून दाखवलं तर 'तू फार विचार करतेस' असं ऐकायला मिळालं. करतेय का?

शिवाय लशी, थंडी, मुलीची शाळा यांबद्दल जे सुचेल ते सांगा.

हेलपाटा:

एकत्र जा. आणि सामान कमी न्या. आम्ही ४१ खोकी नेली होती, त्यातली ११ तीन वर्षांनी तशीच चिकटपट्टीसकट परत आणली. त्यात काय होतं ते आजही माहीत नाही.

गोधडी:

लहान मुलांच्या वॉर्डात सोळा वर्षं नर्स आहे, तेवढ्यापुरतंच बोलते. बाकी तुमच्या घरचं तुम्ही बघा.

नाव गोधडी असलं तरी पहिला मुद्दा गोधडीच्या विरोधातलाच. वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना त्याच्या अंगावर जड पांघरूण, रजई, शेजारी उशी, काही नको. थंड भागात नवीन आलेले आईवडील आधी हीच चूक करतात. तोंडावर सरकलेलं पांघरूण बाळाला बाजूला करता येत नाही, आणि फार गरम होणंही धोक्याचंच. पातळ कपडे एकावर एक घाला, किंवा अंगात घालायची झोपण्याची पिशवी मिळते ती घ्या. हातपाय गार लागले म्हणून घाबरायचं नाही. मानेमागे हात लावून बघायचं. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी.

दुसरी गोष्ट जिवावरची आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. 'इथे सगळेच पेटवतात' असं कुणीतरी नक्की सांगेल. सांगू दे.

उंचीचं म्हणाल तर १९०० मीटर काही फार नाही. विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो. पण तिथे राहायला गेलात की सुट्टीत अजून वर फिरायला जाल, म्हणून सांगून ठेवते: बाळाला 'डोकं दुखतंय' सांगता येत नाही. ते पिणं सोडतं, किरकिर करतं, झोपत नाही, आणि आपण म्हणतो प्रवासाने दमलंय. वाट बघत बसू नका, खाली उतरा. उन्हाचंही तसंच. दर १००० मीटरमागे अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. हवा गार असल्यामुळे कातडी भाजतेय हे कळतच नाही. टोप्या न्या.

लशींचं मूळ कार्ड स्वतःच्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, ट्रकमधल्या खोक्यात नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. एखादा डोस लांबला तर पहिल्यापासून सगळं परत घ्यावं लागत नाही, राहिला तिथून पुढे सुरू करतात. आणि तिथल्या डॉक्टरांना विचारा, या भागात जास्तीची एखादी लस देतात का. जपानी मेंदूज्वर, पीतज्वर असल्या लशी जिथे तो रोग आहे तिथल्याच वेळापत्रकात असतात.

मुक्कामपोस्ट:

खारूताई, तुमचे मिस्टर जे करणार आहेत ते मी करून बसलोय. म्हणून लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

मुलगा साडेतीन वर्षांचा होता. मी पाच महिने आधी गेलो, अर्थात त्यांचे हाल होऊ नयेत म्हणून. पहिले पंधरा दिवस तो व्हिडिओ कॉलवर नाक पडद्याला टेकवून बसायचा. महिन्याभराने नुसता हात हलवून खेळायला पळायचा. तिसऱ्या महिन्यात त्याने पाळणाघरात सांगितलं की आमचा बाबा फोनमध्ये राहतो. बायकोने मला हे हसत सांगितलं, मीही हसलो. मग ते दोघं आले. मी प्लॅटफॉर्मवर गुडघे टेकून हात पसरले, तर चिरंजीव आईच्या मागे गेले आणि तिला विचारलं, 'हे पण आपल्याबरोबर येणार आहेत का?'

'हे' आणि 'आहेत'. पोटच्या पोराने मला अहोजाहो केलं. पुन्हा 'अरे बाबा' ऐकायला तीन आठवडे लागले.

आता घर. मी घर घेतलं होतं ऑफिसपासून आठ मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर, शांत, पाण्याची ददात नाही. मला वाटलं बायको खूश होईल. मी त्या घरात जागा असायचो दिवसाचे तीन-चार तास, ती चौदा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर एका गोदामाची आंधळी भिंत दिसायची, आणि दिवसभरात एक माणूस दिसायचा नाही. दुपारी ती पोराला घेऊन जिन्यात जाऊन बसायची, का तर जिन्यातून कुणी ना कुणी जातं-येतं. हे मला कळलं वर्षभराने, तेही ती दुसऱ्या कुणाला सांगत होती तेव्हा.

सात महिन्यांनी आम्ही घर बदललं. ते घर तिने शोधलं. माझ्या हिशेबाने प्रत्येक बाबतीत डावं: जुनं, दोन खोल्या कमी, ऑफिसला चाळीस मिनिटं. पण दार उघडलं की चार घरांचं सामाईक अंगण. चौथ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या बाई आल्या, रडणारं पोर न विचारता कडेवर घेतलं आणि बायकोला बोटाने न्हाणीघर दाखवलं: जा, आंघोळ कर. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं. बायको म्हणते, ती त्या गावात आली त्या दिवशी.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: ज्याला दिवसभर घरात राहायचंय, घर त्याने निवडायचं. तुम्ही 'पाहुणी' म्हणालात ना, ती धास्ती अगदी रास्त आहे. तुम्ही फार विचार करत नाही आहात. तुमच्या घरातलं बाकी कुणी पुरेसा करत नाहीये.

मुलीच्या शाळेबद्दल. ती बडबडी आहे म्हणता, म्हणून आधीच सांगतो, ती गप्प होईल. आमचा शाळेत अकरा आठवडे एक शब्द बोलला नाही. नव्या भाषेत पडलेली मुलं बरेचदा असं करतात. काही आठवडे, कधी काही महिने नुसती ऐकतात. घरी नेहमीसारखी बोलत असेल तर वाट बघा. घरीही शब्द गळायला लागले तर मात्र दाखवा कुणाला तरी. आम्हाला शाळेतून सल्ला मिळाला की घरी मराठी बंद करा, पोरगं गोंधळतंय. आम्ही दोन दिवस ते पाळलं. घरातही शुकशुकाट झाला, कारण आम्हालाच ती भाषा येत नव्हती, बोलणार काय? तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. नंतर एका वाचा-उपचार तज्ज्ञ बाईंनी सांगितलं की दोन भाषांमुळे मूल बोलण्यात मागे पडत नाही. घरची भाषा घट्ट असली की दुसरीला आधारच होतो. बाराव्या आठवड्यात घसरगुंडीवर एका दांडगट मुलाला तो त्या भाषेत ओरडला, 'माझा नंबर आहे!' पहिलं वाक्य. व्याकरण बरोबर होतं म्हणे.

तुम्हीही दहा वाक्यं पाठ करून जा, पण पुस्तकातली 'आपण कसे आहात' छापाची नकोत. ताप आहे. कालपासून. उलटी झाली. हळू बोला. लिहून द्या. पाणी किती वाजता येतं. आणि शंभरपर्यंत आकडे.

एक शेवटचं. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात, मुलं ठणठणीत असताना, रात्री दहाला दवाखान्यापर्यंत जाऊन या. दिवसा लोक ज्या दाराने आत जातात ते रात्री बंद असतं, मागून जावं लागतं, हे मला ४० अंशांचा ताप खांद्यावर घेऊन कळलं.

कुंपणावरचा:

मुक्कामपोस्ट, तुमचं पटलं, तरी थोडा विरोध नोंदवतो. नऊ महिन्यांचं रांगतं बाळ घेऊन न बघितलेल्या घरात थेट उतरायचं? अनोळखी माणसाला बिचकायचं आणि आईला चिकटायचं हेच वय. पाच महिने फार झाले हे मान्य, पण त्याने तीन आठवडे आधी जावं. फक्त घर ठरवू नये, दोन-तीन घरं हेरून ठेवावीत. दुपारी तीनला प्रत्येक घराच्या दारात उभं राहून व्हिडिओ काढावा, कारण गल्लीत तेव्हा माणूस असतं की नाही हे संध्याकाळी सातला कळत नाही. गॅलरीच्या कठड्याच्या गजांमधलं अंतर मोजावं, १० सेंटिमीटरच्या वर असेल तर रांगत्या पोराला ते घर नको.

आणि एक विरंगुळा म्हणून. होम्स आणि राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या धक्क्यांना गुण दिले होते. जोडीदाराचा मृत्यू १००. घर बदलणं फक्त २०. वाचून मी म्हटलं, बघा, उगाच बाऊ करतात. मग खालची यादी वाचली. राहण्याच्या परिस्थितीत बदल २५, लोकांत मिसळण्यात बदल १८, झोपेच्या सवयींत बदल १६, नातेवाइकांच्या भेटीगाठींत बदल १५. हे सगळं त्या घर बदलण्याच्या पोटातच येतं. बेरीज ९४. आणि नोकरी सोडण्याचे गुण मी यात धरलेलेच नाहीत.

गोधडी:

+१ कठड्याला. आणि गॅलरीत खुर्ची, कुंडी, चढता येईल असं काही ठेवायचं नाही. चार वर्षांचीला गजांमधून जायची गरज नसते, ती वरून जाते.

अजून एक राहिलं. या धांदलीत बाळाचं अंगावरचं दूध तोडणं, मुलीला वेगळं झोपवणं असलं नवीन काही काढू नका. मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली तर रागवू नका, पुष्कळांची होतात तशी. जातं ते.

खारूताई:

सगळ्यांचे आभार. मुक्कामपोस्ट, तुमचा जिना मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, 'मी पण ऑफिसजवळचंच बघणार होतो.'

तीन आठवड्यांवर तडजोड झाली आहे. आई आणि सासूबाई दोघी मिळून माझ्यावर रुसल्यात.

खारूताई (२६ दिवसांनी):

कुणी विचारलं नाहीये, तरी सांगते. त्याने चार घरांचे व्हिडिओ पाठवले, सगळे दुपारी तीनचे. पहिल्या घराच्या कठड्याला फूटपट्टी लावून दाखवली, १४ सेंटिमीटर. दुसऱ्याच्या गल्लीत एक कुत्रं झोपलेलं होतं, बस. तिसरं त्याला फार आवडलं होतं, ते मला नको वाटलं, का ते सांगता आलं नाही. चौथ्याच्या व्हिडिओत मागे एक बाई वाळत टाकलेले कपडे काढता काढता थांबली आणि त्याला काहीतरी विचारत होती. मी म्हटलं, काय विचारत होती? तो म्हणाला, मला काय कळतंय, पण बहुतेक मुलं किती आहेत असं असावं, कारण मी दोन बोटं दाखवली तर ती हसली.

ते घेतलंय. मंगळवारी निघतोय. खोकी १९.